हणमंतसाठी केलेला फोन

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, देवालाही नाही — देवाशी माझं बोलणं गुडघेदुखीच्या पलीकडे जात नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. एकदा चहा टाकायला, एकदा गॅस बंद केलाय का बघायला, एकदा नुसतीच.

सुरुवात एका मूर्खपणापासून करते. तो सांगायला सोपा आहे. मूर्खपणा सांगितला की लोक हसतात, आणि आपल्याला वाटतं — चला, सुटलो.

दोह्यात आमच्या मराठी मंडळाचा सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम होता, आणि त्यात मी भरस्टेजवर एका माणसाला दुसऱ्याच्या मिठीत ढकललं. ढकललं म्हणजे खरोखर ढकललं. पाठीवर हात ठेवून. दुसऱ्या हातात माइक होता, आणि माइक हातात आला की तेव्हा माझ्या अंगात यायचं.

तेव्हाची मी! काय वर्णन करू त्या बाईसाहेबांचं? जन्मभर एका जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात कारकुनी केलेली, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेली, आणि मुलाकडे कतारला आल्यावर ‘मी सैन्याच्या खात्यात होते हो’ असं सांगत फिरणारी. बंदूक राहू द्या, मला स्टेपलर धड चालवता येत नव्हता. साठी जवळ आलेली, तरी गॉगल डोक्यावर. लोकांची गद्धेपंचविशी पंचविशीतच उरकते, माझी साठीपर्यंत लांबली.

फुटबॉल वर्ल्डकपला अजून काही वर्षं होती, पण गाव आधीच सगळं खणून ठेवलेलं. आज ज्या रस्त्यानं भाजीला गेलो तो उद्या पत्र्यांच्या आड गेलेला असायचा. मुलगा एका स्टेडियमच्या कामावर इंजिनियर. तो घरी दोनच गोष्टी आणायचा — बुटांवर धूळ आणि तोंडात डेडलाइन. सून नोकरीला, नात लहान. मी तिला सांभाळायला आले होते. पण नात दुपारी झोपायची, आणि मला दुपारची झोप येत नाही. तिथून हे सगळं सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल.

सैन्यातून निवृत्त झालेली आपल्याकडची पुष्कळ माणसं तेव्हा तिथं होती. कुणी स्टेडियमच्या गेटवर सिक्युरिटीत, कुणी ड्रायव्हर. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पात राहायची, शुक्रवारी सुट्टी मिळायची. कुणाच्या बायकोचं नाव पेन्शनच्या कागदावर चुकलेलं, कुणाच्या आईचं दवाखान्याचं कार्ड अडलेलं, कुणाचा हयातीचा दाखला परदेशातून कसा पाठवायचा हा प्रश्न. मला ते झोपेतही येत होतं. मग मी शुक्रवारी दुपारी आमच्या कंपाउंडच्या क्लबहाउसात बसायला लागले. पोहे, चहा आणि मी. मुलगा त्याला ‘आईचा दरबार’ म्हणायचा. मी वरवर रागवायचे. आतून — अहाहा.

हणमंत त्या दरबारातला. माण तालुक्याकडचा, तिशी ओलांडलेला, दारात उभा राहिला की उजेड अडावा असा. हमद पोर्टवरून स्टेडियमचं लोखंड वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर. यायचा, पण कधी काही काम घेऊन नाही. शेवटच्या खुर्चीवर बसायचा, चहा झाला की सगळ्यांचे कप गोळा करायचा, जायचा. मला त्याच्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, तो कॅम्पातल्या खोलीत झोपत नाही. ट्रेलरच्या केबिनमध्ये झोपतो आणि त्यावरून सुपरवायझरच्या शिव्या खातो. दोन, लग्न करत नाही. एवढा ऐवज माझ्यासारखीच्या हातात पडल्यावर मी गप्प बसणार होय?

“हणमंतानं ट्रेलरशीच लग्न लावलंय,” मी म्हणायचे. “हुंड्यात काय मिळालं रे, स्टेपनी?”

सगळे हसायचे. तोही हसायचा. — हसायचा का? आता आठवायला गेलं तर त्याचं हसणं आठवत नाही. माझंच ऐकू येतं.

तर, सव्वीस जानेवारी. माजी सैनिकांचा सत्कार करायचा ही कल्पना अर्थातच माझी. शाल, श्रीफळ, फोटो. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त मेजरसाहेब मिळाले, कुठल्याशा कंपनीत सुरक्षेचे मोठे अधिकारी होते. भले गृहस्थ. हणमंत मला आदल्या शुक्रवारीच म्हणाला होता, “मला नका बोलवू, मावशी. मी त्यात बसत न्हाई.” मी म्हटलं, “विनय पुरे झाला, इस्त्रीचा शर्ट घालून ये.” आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, आणि हात पुढे केला. तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली मी? माइकवरून मीच म्हणाले, “साहेब, हात काय मिळवताय, आपल्या जवानाला कडकडून मिठी मारा की!” आणि मागून त्याला ढकललं.

साहेबांचे हात त्याच्या पाठीवर पडले मात्र — तो लाकूड झाला. नारळ हातातून सुटला, स्टेजवरून गडगडत पहिल्या रांगेत गेला. हणमंत स्वतःला सोडवून मागच्या पडद्याकडे निघून गेला. पळाला नाही, चालतच गेला, पण असा गेला की पडद्याची दोरी तुटली. आणि मी? माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं.

“मिठीलाच एवढा लाजतोय,” मी माइकवर म्हणाले, “अंतरपाट दूर झाल्यावर काय करायचा!”

काय हशा उसळला म्हणून सांगू. टाळ्यासुद्धा.

हा माझा मूर्खपणा. हसलात तर हसा, मी तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. पण तुम्हाला सांगायचंय ते हे नाही.

पुढच्या शुक्रवारी तो दरबार संपेपर्यंत थांबला. मी नातीला घेऊन खाली झोपाळ्यावर गेले होते, तर हा मागोमाग आला. आधी माफी मागितली. कशाची? तर नारळ पडला त्याची.

“त्या सायबांचा काय दोष न्हाई, मावशी,” तो म्हणाला. “पण अंगावर हात पडला की माझं असं व्हतं.”

मी झोका देत होते. मला वाटलं, आता काही दुखणं-खुपणं सांगणार. दुखणंच होतं म्हणा.

त्यानं ते माझ्याकडे न बघता सांगितलं, झोपाळ्याच्या साखळीकडे बघत. भरती झाला तेव्हा मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं. त्याच्या वरचा एक माणूस होता, तो घरच्या कामाला म्हणून बोलवायचा. पुढचं त्यानं चार-दोन वाक्यांत सांगितलं आणि ती वाक्यं मी इथं लिहिणार नाही. ती त्याची आहेत. एकदा नाही, त्या माणसाची बदली होईपर्यंत. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सुट्टी त्याच्या हातात, ड्यूटी त्याच्या हातात, शिक्षा त्याच्या हातात. आणि सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं तो त्याच्याच ताटात जेवणारा.

“आजी, हायर!” नात ओरडत होती. ती आमच्याशी इंग्लिशच बोलते. आणि मी झोका देत राहिले. वर. अजून वर.

तो माणूस बदलून गेला तरी ह्याची झोप परत आली नाही. खोलीत दुसरा पुरुष झोपलेला असला की डोळा लागायचा नाही. बराकीत कुठली आलीय एकट्याची खोली? शेवटी पेन्शनला बरीच वर्षं बाकी असताना घरच्या अडचणीचं कारण दिलं आणि स्वतःहून सुटून आला. वडील, आण्णा, स्वतः फौजी. त्यांनी अंगणात चार लोकांसमोर विचारलं, पळून आलास? ह्यानं मान खाली घातली. आणि लोकांनी तेच उत्तर धरलं. तेव्हापासून बाप त्याच्याशी बोललेला नव्हता. पैसे घ्यायचा, बोलायचा नाही.

“मावशी,” तो म्हणाला, “तुमच्या हापिसात आमच्यासारख्यांसाठी काय असतंय का? येखादा डॉक्टर. आन् — मी पळून आलो न्हाई, एवढं कुणी सरकारी माणूस लिहून दील का? आण्णांना दाखवायला.”

त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. काही होणार असेल तर गावी जाऊन त्याच्या मागे लागायचं, नसेल तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायची, असा त्याचा विचार. म्हणजे पुन्हा ट्रेलर, पुन्हा केबिन, पुन्हा काही वर्षं. माझ्या उत्तरावर ते ठरणार होतं. माझ्या!

आणि मला उत्तर येत होतं हो. हेच तर आहे. तो ‘त्यात बसत न्हाई’ म्हणाला होता ते खरं होतं — पेन्शनीआधी आपणहून घरी आलेला माणूस आमच्या ऑफिसच्या हिशोबात पुरता माजी सैनिक धरला जायचा नाही. पण का आला, हे त्यानं सांगितलं तर? नोकरीतच मनाला इजा झाली म्हणून आला, असं म्हटलं तर? मग अर्ज करता येत होता. डॉक्टरांच्या बोर्डापुढे पुन्हा उभं राहायची मागणी करता येत होती. सैन्याचं न्यायाधिकरण होतं, फुकट वकील मिळण्याची सोय होती, मनाचे डॉक्टर होते. ह्या गोष्टीसाठी म्हणून वेगळं दार तेव्हा माझ्या पाहण्यात नव्हतं, पण दारं होती. बाईनंच ठोठावावीत असं कुठल्याही दारावर लिहिलेलं नव्हतं. झालंच असतं असं मी म्हणत नाही. पुष्कळ प्रकरणं मी अडकून कुजलेली पाहिली आहेत. पण काही उभीही राहिलेली पाहिली आहेत. आणि सुरुवात कशी करायची, कुणाला धरायचं, कुणाच्या टेबलावरून पुढे न्यायचं, हे मला ठाऊक होतं. त्या अख्ख्या कतारमध्ये तेव्हा मलाच ठाऊक होतं, असंही म्हणेन. फुशारकी नाही ही. असती तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, “सोमवारी ऑफिसला फोन करते. विचारते.”

त्याचा चेहरा — नाही, ते राहू दे.

सोमवारी मी फोन केला. लक्षात ठेवा, फोन मी केला. माझ्यानंतर माझ्या खुर्चीवर बसलेले शिंदे म्हणून होते, शहाणा, सरळ माणूस. मी त्यांना कामाला लावलं की ते लागायचे. त्यांना काय सांगायचं ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून आधी जुळवून बघितलं. ‘शिंदे, एक जवान आहे, त्याच्यावर —’ त्याच्यावर काय? बाईच्या बाबतीत सांगायचं तर झाकलेले शब्द ढीगभर आहेत आपल्याकडे. प्रसंग ओढवला म्हणायचं, आवाज खाली घ्यायचा, समोरचा समजतो. पुरुषाच्या बाबतीत काय म्हणायचं? मला सापडेना. सापडले ते शब्द शिवीगाळीतले, आणि ते मला चांगले येत होते. डोहाळजेवणाला पोटुशी पोरगी लाजून पदरात तोंड लपवील असले विनोद करणारी बाई मी! हळदीला नवऱ्यामुलाला पळता भुई थोडी करणारी. ह्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं.

“अहो मॅडम!” शिंदे फोनवर ओरडले. “काय म्हणतंय कतार? फायनलचं एक तिकीट पाठवा की आम्हाला!”

मग आम्ही बोललो. त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल. माझ्या गुडघ्यांबद्दल. कुठल्या साहेबाची बदली झाली, कुणी घर बांधलं, थंडी किती आहे, तुमच्याकडे जास्त की आमच्याकडे. मी मध्ये एकदा म्हणालेसुद्धा — “शिंदे, एक विचारायचं होतं.” ते म्हणाले, “विचारा की.” आणि मी विचारलं — काय विचारलं असेन? ऑफिसमागचं लिंबाचं झाड अजून आहे का.

आहे म्हणाले.

फोन ठेवला आणि दुसरा लावला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी मी कपाट आवरायला काढलं. सून म्हणाली, “आई, हे कपाट तुम्ही कालच आवरलंत.”

शुक्रवारी हणमंत सगळ्यांच्या आधी आला. दाढी करून. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “विचारलं रे बाबा. नाही. तसलं काही नाही आपल्याकडे.”

तसलं. हा शब्दही मीच निवडला.

तो म्हणाला, “बरं. खलास मग.” आणि वर म्हणाला, “तुम्हाला तरास दिला.” त्यानंतर त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा प्यायला, कप गोळा केले, आणि त्याच आठवड्यात पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली.

आता तुम्ही विचाराल, का? मी स्वतःला एवढ्या वर्षांत किती उत्तरं दिली असतील! शब्द सापडला नाही, हे एक. खरं आहे, पण शब्द न सापडल्यानं बाई गप्प बसते, खोटं बोलत नाही. दुसरं, त्याचीच बदनामी झाली असती. वा! ज्यानं स्वतः येऊन विचारलं त्याच्या अब्रूची काळजी मला. तिसरं, प्रकरण उभं राहिलंच नसतं, मग उगाच आशा कशाला लावायची? हे उत्तर मी फार दिवस वापरलं. मऊ आहे, अंगावर घ्यायला बरं पडतं.

त्याच्या खालचं सांगू? माझा दरबार. माझ्या दरबारात सैनिक म्हणजे शाल, श्रीफळ आणि फोटो. ते चित्र मी जन्मभर ऑफिसच्या भिंतीवर पाहिलं होतं आणि त्यावरच माझा सगळा तोरा होता. त्यात हे कुठं टांगायचं? शिंद्यांना सांगितलं असतं तर ते कुणाला तरी बोलले असते, ते फिरत फिरत मंडळात आलं असतं, आणि मग ‘सैनिकांच्या मावशी’ कसल्या भानगडीत पडल्या म्हणून बायका कुजबुजल्या असत्या. एवढ्यासाठी. हो, एवढ्यासाठी.

पण हेही शेवटचं नाही. मघाशी झोपाळ्याचं सांगताना मी एक गोष्ट गाळली. लिहिताना सरळ उडी मारून पुढे गेले, तुमच्या लक्षातही आलं नसेल.

त्याचं सांगून झालं होतं. नातीला खाली उतरायचं होतं, ती पाय झाडत होती, झोपाळा अजून हलत होता. ती पडेल म्हणून त्यानं साखळी धरायला हात पुढे केला. कुणीही केला असता. आणि मी मध्ये शिरले. एवढ्या लगबगीनं शिरले की झोपाळ्याची फळी माझ्या नडगीवर बसली. पोरीला उचलून मी कडेवर घेतलं आणि तिचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवलं. त्याच्यापासून दूर.

कशाला? त्या माणसानं आत्ताच मला सांगितलं होतं की त्याच्यावर काय झालं. त्याच्यावर! आणि माझ्या अंगानं — माझं डोकं पोचायच्या आधी माझ्या अंगानं ठरवून टाकलं की घाण ह्याला लागलेली आहे, आणि ती माझ्या पोरीला लागेल. ह्याच माणसाच्या हातून मी वर्षभर चहाचे कप घेतले होते. कार्यक्रमाच्या दिवशी माझ्या नातीला खांद्यावर बसवून त्यानं पार्किंगपासून सभागृहापर्यंत आणलं होतं.

त्यानं पाहिलं. हात तसाच हवेत होता, मग त्यानं तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला. त्यानंतर त्यानं विचारलं ते, ‘मावशी, तुमच्या हापिसात काय असतंय का.’ म्हणजे हे पाहिल्यावर विचारलं. दुसरं कुणी नव्हतं त्याला.

मला पुढे वाटायचं, ते त्याच्या लक्षात आलं नसेल. पण त्यानंतर तो माझ्या नातीजवळ कधी आला नाही. ती ‘हणमंतकाका’ म्हणून धावत गेली की हा लांबूनच हसून हात हलवायचा, आणि काहीतरी काम काढून बाहेर जायचा.

दरबार मी त्या उन्हाळ्यानंतर बंद केला. गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे फार उपयोगी पडले मला आयुष्यात.

हणमंत मात्र येत राहिला. वर्षातून दोन-तीनदा, दिवाळीला वगैरे. दारातूनच खजुराचा डबा द्यायचा, “बरं हाय ना, मावशी?” विचारायचा. मध्येच आण्णा गेल्याचं त्यानं सांगितलं. कोरोनाचे दिवस होते, विमानं बंद, त्याला जाता आलं नाही. मी विचारलं, “शेवटी बोलले का रे तुझ्याशी फोनवर?” हे विचारायचं धाडस मला कुठून आलं कोण जाणे. तो म्हणाला, “न्हाई.” आणि खजूर ह्या वेळी समैस्मा गावाच्या बाजूच्या एका बागेतला आहे, गोड आहे, म्हणून सांगत बसला.

मी तेव्हा सांगू शकले असते. बाप गेला होता, पण झोप तर अजून येत नव्हतीच त्याला. केबिनमध्येच झोपत होता. सांगू शकले असते की हणमंत, मी विचारलंच नव्हतं, चल आता विचारू. किती सोपं वाक्य आहे. बघा, लिहिलं की नाही आत्ता एका दमात?

नाही सांगितलं. खजूर फ्रिजमध्ये ठेवला.

मग वर्ल्डकप अगदी तोंडावर आला. रस्ते पुन्हा रस्ते झाले, पत्रे निघाले, खांबाखांबावर झेंडे लागले. स्टेडियमं बांधून झाली तशी बांधणारी माणसं परत पाठवायला सुरुवात झाली. माझा मुलगा म्हणायचा, “आई, रोज कॅम्पातून बसेस भरून एअरपोर्टला जातायत.” हणमंतचंही कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो निरोप घ्यायला आला तेव्हा दुपार होती, घरात मी एकटीच. केस पांढरे झाले होते त्याचे. त्या वयाला नाही होत एवढे.

आत ये म्हटलं तर बूट काढून आला आणि सोफ्याच्या कडेवर बसला. मी लाडू दिले, चहा दिला. गावी जाऊन काय करणार विचारलं. बघू म्हणाला. एक टेम्पो घ्यायचा विचार आहे. लग्नाचं मी विचारलं नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. बोलण्यासारखं फार नव्हतं. मग निघताना, बूट घालता घालता, खाली वाकूनच तो म्हणाला की कॅम्पात एक नवा माणूस आलाय, बीडकडचा, सिक्युरिटीत आहे. तोही फौजेतून अर्ध्यात सुटून आलेला. एका रात्री हणमंतच्या केबिनचं दार वाजवून म्हणाला, मला खोलीत झोप येत नाही, इथं बसू का. आणि मग त्यानं सांगितलं. सगळं तेच. फक्त हा अजून तरुण आहे आणि चिडलेला आहे. गावी जाऊन अर्ज करतो, वकील बघतो म्हणतो.

मी दाराची कडी धरून उभी होते. आता पुढचं वाक्य हणमंत बोलला तसंच लिहिते. ते ऐकून मी काही बोलले नाही. लिफ्ट आली, तो हात जोडून गेला. त्या दुसऱ्या माणसाचं नावसुद्धा मी विचारलं नाही. हणमंत म्हणाला —

“मी त्याला समजावलं, मावशी. म्हणलं, उगं हेलपाटं घालू नगंस, आपल्यासारख्यांसाठी तिथं काय न्हाई — आमच्या मावशींनी खुद्द हापिसात इचारलंय.”